गतीची सूत्रं पाठ आहेत, पण कुठलं कुठे लावायचं ते कळत नाही. स्थिर त्वरणाची गणितं कॅल्क्युलसने कशी सोडवायची?

सूत्रं थोडा वेळ बाजूला ठेवा. स्थानाचा वेळेनुसार डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) म्हणजे वेग आणि वेगाचा डेरिव्हेटिव्ह म्हणजे त्वरण, एवढंच लागतं. त्वरण दिलेलं असतं आणि स्थान हवं असतं, म्हणून दोनदा इंटिग्रेट करायचं, म्हणजे डेरिव्हेटिव्हच्या उलट जायचं. दर वेळी एक कॉन्स्टंट येतो. गणितात दिलेली बाकीची माहिती असते ती हे दोन कॉन्स्टंट काढण्यासाठीच.

समजा, २५ मीटर उंच गच्चीवरून चेंडू २० मीटर प्रति सेकंद वेगाने सरळ वर फेकला. जमिनीवर कधी पडेल? आधी कागदावर लिहा: जमीन शून्य, वरची दिशा धन. चिन्हाच्या चुका इथेच सुरू होतात. गुरुत्वत्वरण १० धरलं तर त्वरण −१०. चेंडू वर जाताना −१०, खाली येताना −१० आणि अगदी वर, वेग शून्य असतानाही −१०च. चेंडूची दिशा बदलली म्हणून त्वरणाचं चिन्ह बदलू नका.

वेळ क, वेग व आणि उंची उ मानू. एकदा इंटिग्रेट करून व = −१०क + कॉन्स्टंट. क = ० असताना व = २०, म्हणून

व = २० − १०क

पुन्हा इंटिग्रेट करा. सुरुवातीची उंची २५, म्हणून

उ = २५ + २०क − ५क²

हा २५ विसरला तर उत्तर ४ सेकंद येतं. ती चेंडू गच्चीच्या पातळीवर परत येण्याची वेळ. उ = ० ठेवल्यावर क² − ४क − ५ = ०, म्हणजे क = ५ किंवा −१. फेकण्याआधीची वेळ इथे लागू नाही, म्हणून ५ सेकंद. तेव्हा व = −३०. सर्वाधिक उंची व = ० असताना, २ सेकंदांनी, ४५ मीटर. विस्थापन, म्हणजे सुरुवातीच्या आणि शेवटच्या स्थानातला फरक, −२५ मीटर आहे, पण कापलेलं अंतर २० + ४५ = ६५ मीटर. अंतर विचारलं असेल तर वेग शून्य होतो तिथे इंटिग्रल तोडावाच लागतो.

वेळ दिलीही नाही आणि विचारलीही नाही, तर चेन रूल वापरा: त्वरण = व × (वेगाचा स्थानानुसार डेरिव्हेटिव्ह). स्थानानुसार इंटिग्रेट केलं की व²/२ मधला बदल = त्वरण × विस्थापन. वरच्या उदाहरणात (९०० − ४००)/२ = २५०, आणि (−१०) × (−२५) = २५०. पडताळणी म्हणून मला हीच रीत सर्वांत भरवशाची वाटते.

ब्रेकच्या गणितात आणखी एक सापळा असतो. वेग २०, त्वरण −५, आणि ६ सेकंदांतलं अंतर विचारलंय. थेट इंटिग्रेट केलं तर १२० − ९० = ३० मीटर येतं, आणि ते चूक आहे. गाडी ४ सेकंदांतच ४० मीटरवर थांबली. पुढचे दोन सेकंद समीकरण तिला मागे नेत राहतं, कारण ब्रेक फक्त गाडी थांबेपर्यंतच तिचा वेग कमी करतात हे त्याला माहीत नसतं. म्हणून इंटिग्रेशनची वरची लिमिट ४ घ्या, ६ नाही. ब्रेक दाबण्याआधी अर्धा सेकंद गाडी त्याच वेगाने गेली असेल, तर तो १० मीटरचा टप्पा वेगळा काढा. पहिल्या टप्प्याच्या शेवटचा वेग आणि स्थान हेच दुसऱ्या टप्प्याचे कॉन्स्टंट.