वहीतला शेवटचा रकाना

माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या शिक्षकांमध्ये गेल्या काही वर्षांत केंद्रप्रमुख बरेच दिसू लागले आहेत. कुणाची झोप उडालेली असते, कुणाचं बीपी वाढलेलं, कुणी घरी लेकरांवर उगाच डाफरतं. तासभर बोलणं झालं की सगळे एकाच ठिकाणी येऊन थांबतात: "मॅडम, इतक्या शाळा माझ्याकडे. रोज कुठल्या ना कुठल्या शाळेत असते. आणि जिला खरी गरज होती, तीच पोरगी नजरेतून सुटली. मग माझा उपयोग काय?"

या प्रश्नावर एकदा सविस्तर लिहायचं मनात होतं. सुनंदाताई अशाच एक केंद्रप्रमुख. त्यांनी परवानगी दिली म्हणून त्यांच्या निमित्ताने लिहिते. नाव बदललं आहे, गावाच्या आणि घरच्या खुणा पुसल्या आहेत. जिल्हा मात्र बीडच, कारण तो बदलला तर गोष्टच उरणार नाही.

जिल्हा परिषदेच्या साधारण दहा-बारा शाळांचं मिळून एक केंद्र असतं. त्या शाळांतल्या शिक्षकांना शिकवण्यात मदत करायला, त्यांना एकत्र आणायला १९९४ साली केंद्रप्रमुख हे पद निर्माण झालं. प्रत्यक्षात बराच वेळ यू-डायस, सरल अशा सरकारी पोर्टलांवर माहिती भरण्यात आणि रोज येणाऱ्या 'तात्काळ माहिती सादर करा' अशा मेसेजांत जातो. त्यात पदं रिकामी. सुनंदाताईंकडे स्वतःच्या केंद्राच्या ११ शाळा आणि शेजारच्या केंद्राचा अतिरिक्त कार्यभार, तिथल्या ९. दोन्ही केंद्रं डोंगरपट्ट्यातली. दसरा झाला की माणसं ऊसतोडीला जातात, वस्त्या रिकाम्या होतात आणि पाडव्याच्या पुढेमागे पुन्हा भरतात.

त्या पहिल्यांदा आल्या तो मे महिना होता. पिशवीतून आधी पाण्याची बाटली काढली, मग शंभर पानी वही. वही मांडीवर ठेवली आणि दोन्ही हात तिच्यावर.

"झोप येत नाही," म्हणाल्या. "तीनला जाग येते. मग मोबाइल उघडून हजेरीच्या फायली बघत बसते."

मी झोपेबद्दल विचारलं. चहा किती, रात्री जेवण कधी, मोबाइल कुठे ठेवता. श्वासाचा एक साधा व्यायाम शिकवला. त्यांनी नीट ऐकलं, एखादं परिपत्रक ऐकावं तसं. दुसऱ्या भेटीत म्हणाल्या, "व्यायाम केला मॅडम, रोज केला." झोपेत काहीच फरक नव्हता. तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी घाई केली होती. वहीबद्दल मी विचारलंच नव्हतं.

वहीत ४३ मुलांची नावं होती. शाळा, इयत्ता, आईवडील कुठल्या कारखान्याला गेलेत, मागे घरी कोण आहे. काहींपुढे 'वडील नाहीत', एकापुढे 'बोलत नाही', एकीपुढे 'डोळे'. त्यातलं सातवीतल्या एका मुलीचं नाव निळ्या शाईने चौकटीत घेतलेलं होतं.

त्या मुलीचं अक्षर सुंदर होतं. फलकलेखन तीच करायची. ऑक्टोबरात तिच्या वर्गशिक्षकांनी ताईंना गाडीजवळ गाठून सांगितलं होतं, "मॅडम, ही जाणार म्हणतात यंदा. धाकटा भाऊ लहान आहे, त्याला सांभाळायला." ताई म्हणाल्या, बघू. ३० सप्टेंबरच्या पटावर संच मान्यता, म्हणजे शाळेला शिक्षक किती ते, ठरते, त्याच्या दुरुस्त्या चालू होत्या आणि दोन्ही केंद्रांची माहिती संध्याकाळपर्यंत द्यायची होती. हंगामी वसतिगृहाची मंजुरी तोवर आली नव्हती. गाव सोडून जाणाऱ्या घरांतल्या लेकरांची गावातच जेवणाराहण्याची सोय व्हावी म्हणून ही वसतिगृहं असतात, पण मजूर नेणाऱ्या मुकादमाचा ट्रॅक्टर मंजुरीसाठी थांबत नाही. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली असते. आईबाप तरी काय करणार. एक आई ताईंना एकदा म्हणाली होती, "लेकराला कुणाच्या जिवावर ठिवावं, बाई? म्हातारीला तर स्वतःचं पाणी घेता येईना."

एप्रिलमध्ये कुटुंब परत आलं. मुलगी आली नाही. तिचं तिकडेच लग्न लावून दिलं होतं. १३ वर्षं वय.

हे ऐकल्यावर मला समुपदेशक म्हणून आधी एक वेगळं काम करावं लागलं. पहिल्या भेटीत मी सगळ्यांना सांगते की इथलं बोलणं इथेच राहतं, फक्त कुणाच्या जिवाला किंवा लहान मुलाला धोका असेल तर राहत नाही. २००६च्या कायद्याने हा बालविवाह ठरतो, पण तेवढ्यावर ते थांबत नाही. १३ वर्षांच्या मुलीच्या बाबतीत पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदाही लागू होतो आणि माहिती असणाऱ्या कुणालाही ती कळवणं बंधनकारक असतं. शिक्षकालाही, मलाही. मी ताईंना विचारलं, कळवलंय का?

त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सगळ्यांना वाटलं, दुसऱ्याने कळवलं असेल."

त्याच तासात आम्ही १०९८ला, मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. ताईच बोलल्या. फोन धरलेला हात थरथरत होता, पण आवाज शाळेतला होता, स्पष्ट. पुढचं काम बालकल्याण समितीचं आणि पोलिसांचं, ते सुरू झालं. मुलीबद्दल याहून जास्त मी लिहिणार नाही. ते तिचं आहे.

फोननंतर ताई खूप रडल्या. दीड महिन्यात पहिल्यांदा, असं त्याच म्हणाल्या.

इथे अनेक जवळची माणसं एक चूक करतात, आणि ती प्रेमापोटी करतात. 'अगं, तुझी काय चूक? तू एकटी काय काय बघणार?' ताईंचे यजमान रोज हेच म्हणायचे. ताईंना त्याचा राग यायचा आणि रागाचं पुन्हा वाईट वाटायचं. कारण आपलं थोडं चुकलं हे त्यांना ठाऊक होतं. ऑक्टोबरात कानावर आलं होतं, त्या घरी गेल्या नव्हत्या. एवढं खरं होतं. हे कुणी पुसून टाकू लागलं की माणूस आणखी एकटं पडतं, कारण आता खरं ऐकणारंही कुणी उरत नाही.

म्हणून आम्ही त्या ऑक्टोबरच्या दिवसाचे दोन भाग केले. हातात काय होतं आणि काय नव्हतं. घरी जाणं, आजीला भेटणं, गावात ग्रामसेवकाच्या कानावर घालणं हातात होतं. वसतिगृहाची मंजुरी नव्हती. उचलीचे पैसे नव्हते. दुसऱ्या केंद्राचा कार्यभार नाकारणंही नव्हतं. अमेरिकेत अँड्र्यू जेमटन नावाच्या तत्त्वज्ञाने १९८४मध्ये परिचारिकांबद्दल लिहिताना या अवस्थेला नाव दिलं, मॉरल डिस्ट्रेस. योग्य काय ते माणसाला दिसत असतं, पण संस्थेची घडीच अशी असते की ते करता येत नाही. मी तिला नैतिक घुसमट म्हणते. ही घुसमट आणि अपराधीपणा एकमेकांत इतके मिसळतात की वेगळे केल्याशिवाय दोन्हींवर उपाय सापडत नाही. अपराधीपणाला पुढच्या वेळी काय करायचं ते लागतं. घुसमटीला ती बोलून दाखवायला आणि वर कळवायला जागा लागते. ताईंनी पुढे गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवलं की वसतिगृहाचे प्रस्ताव ऑगस्टमध्येच घ्यावेत. उत्तर यायला वेळ लागला. पण लिहून दिलं त्या रात्री त्या पाच तास झोपल्या.

आता वहीकडे येते.

चौथ्या भेटीत मी विचारलं, "यातल्या किती मुलांना तुम्ही ओळखता?"

"सगळ्यांना."

"आणि किती मुलं तुम्हाला ओळखतात?"

त्या विचारात पडल्या. सहा, असं उत्तर आलं. मग नऊ म्हणाल्या, मग पुन्हा सहा.

मी त्यांना वहीत एक रकाना वाढवायला सांगितला. प्रत्येक मुलापुढे एका मोठ्या माणसाचं नाव लिहायचं. हे मूल दोन दिवस दिसलं नाही तर ज्याच्या जिवाला लागेल, जो उठून बघायला जाईल, असं माणूस. पुढच्या भेटीला त्या वही भरून घेऊन आल्या. रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता. स्वतः. स्वतः. स्वतः. त्रेचाळीस वेळा, ठसठशीत, शिक्षिकेच्या अक्षरात.

मी वही त्यांच्याकडे फिरवली. बराच वेळ त्या बघत राहिल्या. "असं कसं होईल?" एवढंच म्हणाल्या.

२० शाळांच्या मधल्या माणसाला प्रत्येक लेकराचं ते एक माणूस होता येत नाही. एकोणिसावी शाळा सव्वीस किलोमीटरवर असते आणि मूल संध्याकाळी सहा वाजता घाबरतं. पण प्रत्येक लेकराला असं कुणी आहे की नाही हे बघता येतं. आणि त्या कुणाला तरी आपला फोन उचलला जाईल याची खात्री देता येते. माझ्या मते ही केंद्रप्रमुखाच्या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे, आणि ती कुठल्याच पोर्टलवर भरायची नसते.

पण शिक्षक ताईंना काही सांगतच नव्हते. हे कळायला आम्हाला जून उजाडला. मुलीची बातमी आल्यापासून ताईंनी गैरहजेरीवर धारेवर धरायला सुरुवात केली होती. सलग ३० दिवस न येणारं मूल शाळाबाह्य धरलं जातं, म्हणून एकोणतिसाव्या दिवशी फोन, सगळ्यांसमोर जाब. परिणाम असा की हजेरीपटावर मुलं हजर दिसू लागली. ज्या भीतीने ताईंना रात्री तीनला जाग येत होती, तीच भीती खाली झिरपली आणि मुलं पुन्हा दिसेनाशी झाली. या वेळी कागदावर हजर राहून. ताईंना हे बोलून दाखवताना मला जड गेलं. त्यांनी मान हलवली. "मलाही साहेब रागावले की मी असंच करते," म्हणाल्या.

जुलैच्या शिक्षण परिषदेत त्यांनी सुरुवातीचा अर्धा तास मोकळा ठेवला. केंद्रातले सगळे शिक्षक महिन्यातून एकदा जमतात ती ही परिषद. त्यांनी सांगितलं की या अर्ध्या तासात एक शिक्षक एका मुलाबद्दल बोलेल, मी काही लिहून घेणार नाही, आणि खरा पट सांगितला म्हणून कुणावर कारवाई झाली तर आधी माझ्यावर होईल. पहिल्या वेळी कुणी बोललं नाही. अर्धा तास सगळे पंख्याकडे बघत बसले. ताई मला म्हणाल्या, तो अर्धा तास नोकरीतला सगळ्यात लांब होता.

ऑगस्टमध्ये एक गुरुजी उभे राहिले. वस्तीवरची द्विशिक्षकी शाळा. "माझ्या पटावर सात लेकरं अशी आहेत," ते म्हणाले, "जी इथं नाहीत. कुठं आहेत ते मला नक्की माहीत नाही." ताईंचा हात पेनाकडे गेला. पेन त्यांनी पर्समध्ये टाकलं, चेन लावली आणि विचारलं, "गुरुजी, तुम्हाला झोप लागते का?"

त्या दिवशी परिषद दीड तास लांबली.

रकान्यातली नावं हळूहळू बदलली. अपेक्षित नावं थोडीच होती. एकीपुढे खिचडी शिजवणाऱ्या मावशी आल्या, कारण ती पोर ताट घेताना त्यांच्याशीच बोलते. 'बोलत नाही' असं लिहिलेल्या मुलापुढे शेजारच्या किराणा दुकानदाराचं नाव. तो त्याला सुट्टे पैसे मोजायला बसवतो. दोघींपुढे त्यांच्या आज्या. एका आजीपुढे पुन्हा अंगणवाडीच्या ताईंचं नाव, कारण आजीलाही कुणी लागतं. हे सगळं शिक्षकांनी शोधलं. ताईंनी प्रत्येकाला एकदा भेटून 'तुमचं नाव लिहिलंय, चालेल ना?' असं विचारलं. नाही कुणी म्हणालं नाही. मावशींनी तर पदराने हात पुसून वहीत स्वतः सही केली.

पाच ठिकाणी मात्र 'स्वतः' तसंच राहिलं. मी ते खोडायला सांगितलं नाही. पाच लेकरं एका माणसाच्या जिवात मावतात. तीन रकाने रिकामे होते आणि ते ताईंना सोसत नव्हते. काहीतरी भरावं असा त्यांचा हट्ट होता. मी म्हटलं, राहू द्या. खोटं नाव लिहिलं तर तिथे बघायला कुणी जाणार नाही. रिकामं दिसलं तर परिषदेत विचाराल तरी.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन आला. मागे ट्रॅक्टरचा आवाज, कुणीतरी भांडी चढवत होतं, एक कुत्रं भुंकत होतं.

"मॅडम, वस्तीवर आहे. तिघांपैकी दोघी राहिल्या. चुलतीने ठेवून घेतल्या, गुरुजींनी सकाळपासून बसून बोलणं केलं. तिसरा चाललाय. थांबवता नाही आला."

मी काही बोलणार तोवर त्याच पुढे म्हणाल्या, "शिक्षण हमी कार्ड दिलंय त्याच्याजवळ. आईला वाचून दाखवलं, तिकडच्या कुठल्याही शाळेत हे दाखवा, बसवून घ्यावं लागतं. कारखान्याचं नाव घेतलंय, मुकादमाचा नंबर घेतलाय."

"आणि रकाना?"

"त्यासाठीच घाई आहे. तिकडच्या केंद्रप्रमुखांचा नंबर मिळालाय एका शिक्षिकेकडून. पोर पोचायच्या आत त्यांच्याशी बोलायचंय. ठेवते, मॅडम."