टकटक करणारी हार्ड डिस्क आणि अडकलेले पावणेसात लाख

प्रश्न: आम्ही इंदूरच्या राजेंद्रनगरात राहतो. यजमानांचं सांवेर रोडला ग्रिल, रेलिंग आणि गेट बनवायचं वर्कशॉप होतं. बायपासजवळच्या एका कॉलनीचं काम त्यांनी फेब्रुवारी 2024 मध्ये पूर्ण करून दिलं. बिल्डरकडून 6 लाख 75 हजार यायचे आहेत. गेल्या पावसाळ्यात यजमान गेले. आता बिल्डर म्हणतो, शेवटची बिलं मिळालीच नाहीत. बिलं मीच टाइप करायचे. ती, मापं आणि साइटचे फोटो, सगळं एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर आहे. कपाट आवरताना ती हातातून पडली. आता जोडली की टकटक आवाज येतो आणि कॉम्प्युटरवर काहीच दिसत नाही. जेल रोडवरचा दुकानदार म्हणतो, "दीदी, खोल के देख लेते हैं." दीर म्हणतात, कच्च्या वहीवरून बिलं पुन्हा टाइप करू, जुन्या तारखा घालू. काय करावं?

उत्तर: ताई, आधी दिरांना थांबवा. त्यांना तुमची काळजी आहे हे कळतं, पण मागच्या तारखेची बिलं नव्याने बनवून कोर्टात दिली तर तो खोटा पुरावा तयार करण्याचा गुन्हा होतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 229 खाली त्याला 7 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शिवाय फाइल कधी बनली हे फाइलच सांगते. तुमचा दावा खरा आहे, तो अशा कागदाने बुडवू नका. कच्ची वही मात्र जशी आहे तशी सांभाळा. यजमानांच्या अक्षरातली ती मापं आहेत.

आता डिस्क. ती पुन्हा जोडू नका, एकदाही नाही. आत तबकड्या मिनिटाला हजारो फेरे घेत असतात आणि वाचणारं हेड त्यांच्यावर केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतं. पडल्यावर ते वाकलं असेल तर चालू केल्यावर दर वेळी तबकडी खरवडली जाते, आणि तुमचं बिल त्या भुकटीत जातं. तांदळात पुरणं, फ्रीजमध्ये ठेवणं हे काहीच करू नका. दुकानदाराला टेबलावर उघडू देऊ नका. उघड्या हवेतला एक धुळीचा कण पुरतो. अशी डिस्क धूळमुक्त खोलीत उघडून, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचं हेड बसवून वाचावी लागते. काही एक्स्टर्नल डिस्कमध्ये माहिती कुलूपबंद (एन्क्रिप्ट) असते आणि त्या कुलपाची किल्ली यूएसबीच्या छोट्या बोर्डावरच असते, म्हणून तिचं कव्हर, तो बोर्ड आणि वायर डिस्कसोबतच ठेवा.

तंत्राइतकीच मला दुसरी एक काळजी आहे. माझ्या एका अशिलाने बंद पडलेला डीव्हीआर, म्हणजे सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारं यंत्र, तीन दुकानांत फिरवला. फुटेज शेवटी निघालं, पण उलटतपासात प्रश्न आला: पहिल्या दुकानातून दुसऱ्या दुकानात नेला तेव्हा तो कुणाच्या हातात होता? अशिलाला आठवेना. त्या एका उत्तराने पुराव्याचं वजन अर्धं झालं. म्हणून आज रात्रीच डिस्कचा फोटो काढा, स्टिकरवरचा सीरियल नंबर स्पष्ट दिसेल असा. ती पाकिटात घाला, चिकटवलेल्या जागी सही आणि तारीख घाला. एका वहीत लिहा: कधी पडली, कधी कधी जोडून पाहिली, कुणाला दाखवली. जेल रोडची फेरीही लिहा, लपवू नका.

तुमच्या मनातली मोठी भीती मला प्रश्नातूनच दिसते: बिघडलेल्या डिस्कमधून निघालेलं कोर्ट मानेल का? मानू शकतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, म्हणजे पुराव्याचा नवा कायदा, लागू आहे आणि तुमचा दावा त्यानंतर दाखल होणार, म्हणून त्याचं कलम 63 बघायचं. संबंधित काळात कॉम्प्युटर नीट चालत होता, आणि मध्ये बंद पडला असेल तर त्या बिघाडाने नोंदींच्या अचूकतेवर परिणाम झाला नाही, एवढं त्यात दाखवायचं असतं. तुम्ही बिलं टाइप केलीत तेव्हा सगळं ठीक होतं. डिस्क पडली त्यानंतर कितीतरी दिवसांनी. बिघाड होऊ शकतो हे कायद्याने आधीच धरलं आहे.

कलम 63(4) चं प्रमाणपत्र दोन भागांत असतं. भाग अ ज्याच्या ताब्यात यंत्र किंवा ते काम होतं त्याने द्यायचा. बिलं तुम्ही टाइप करत होतात, डिस्क तुमच्या घरात होती, तेव्हा तो तुम्हीच द्याल. भाग ब तज्ज्ञाचा. दोन्हींत हॅश लिहावा लागतो, म्हणजे फाइलचा बोटाचा ठसा. एक अक्षर बदललं तरी तो बदलतो. इथे एक बारकावा आहे. आजारी डिस्क दोनदा वाचली तर दोन वेळा वेगळं वाचलं जाऊ शकतं, म्हणून हॅश डिस्कचा मागायचा नाही. लॅबने एकदाच काढलेल्या पूर्ण प्रतीचा, म्हणजे इमेजचा, मागायचा. त्यानंतरचं सगळं काम त्या इमेजच्या नकलेवर.

लॅबला डिस्क देण्याआधीच विचारा: भाग ब वर सही कराल का, साक्षीला याल का? नाही म्हणाले तर दुसरी लॅब बघा. अहवालात डिस्क कोणत्या अवस्थेत आली, सीरियल नंबर, काय बदललं, किती भाग वाचता आला नाही, हे सगळं हवं. न वाचलेला भाग लिहिलेला असला की अहवालावर विश्वास बसतो. मूळ डिस्क आणि काढलेलं हेड परत घ्या, पुन्हा सीलबंद करा.

सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर यांच्या प्रकरणात, जुन्या कायद्याखाली, सांगितलं होतं की मूळ यंत्रच मालकाने साक्षीत हजर केलं तर प्रमाणपत्र लागत नाही. ते प्रकरण आपल्या जालन्याच्या निवडणुकीचं. पण तुमची डिस्क कोर्टात लावून दाखवता येणार नाही, तेव्हा प्रमाणपत्राशिवाय चालायचं नाही.

तरीही सगळा दावा त्या डिस्कवर टेकवू नका. बिलं मेलने गेली असतील तर यजमानांच्या सेंटमध्ये पडून आहेत. त्यांचं सिम बंद पडू देऊ नका, ओटीपी त्यावरच येतो. आणि जीएसटी! यजमानांच्या जीएसटीआर-1 मध्ये, म्हणजे विक्रीच्या विवरणपत्रात, ती बिलं चढली असतील तर बिल्डरच्या 2बी मध्ये, म्हणजे त्याच्या खरेदीच्या यादीत, ती आपोआप दिसली आहेत. त्याने त्यांचं क्रेडिट, म्हणजे बिलातल्या कराची वजावट, घेतलं असेल तर 'बिलं मिळालीच नाहीत' हे कसं म्हणेल? बिलाचे पैसे 180 दिवसांत दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. म्हणजे एकतर त्याने क्रेडिट परत केलं, मग पैसे दिले नाहीत हे त्याच्याच हिशेबात आहे. नाहीतर पैसे दिले असं तो म्हणेल, मग बँकेची नोंद दाखवावी लागेल. तुमच्या सीएंना उद्याच फोन करा. मला हा धागा डिस्कपेक्षाही भक्कम वाटतो.

मुदतीचंही पाहा. केलेल्या कामाच्या पैशासाठी काम झाल्यापासून 3 वर्षं मिळतात, म्हणजे फेब्रुवारी 2027 च्या आत दावा हवा. रक्कम 3 लाखांवर आहे आणि वाद बांधकामाचा, म्हणून तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर आधी मध्यस्थीचा अर्ज करावा लागेल. मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीत धरत नाहीत. रक्कम यजमानांच्या नावची आहे, तेव्हा त्यांचं येणं वसूल करण्यासाठी वारसांना कोर्ट देतं ते उत्तराधिकार प्रमाणपत्रही लागेल. दावा त्याविना दाखल होतो, पण हुकूमनामा (पैसे देण्याचा निकाल) होत नाही, म्हणून जिल्हा कोर्टात तो अर्ज आत्ताच टाका. मुलं असतील तर त्यांची नावंही त्यात घाला.

हे पत्र घेऊन तुमच्या वकिलांकडे जा, पण आधी डिस्क पाकिटात घाला.