तुमचं धावणं, आमची धावपळ

ताई, नमस्कार. वय ४१, जळगावला एका डाळ मिलमध्ये हिशेब पाहतो. गेल्या जुलैत तीन महिन्यांची सरासरी साखर ६.२ निघाली. डॉक्टर म्हणाले, गोळी नको, आधी अंग हलवा. श्रावणापासून रोज धावतोय. आज २१० दिवस झाले, एकही खाडा नाही. जानेवारीत अंगात ताप होता तरी वीस मिनिटं पळून आलो. पहाटे साडेपाचला गाडी काढतो, मेहरूण तलावावर जातो, चाळीस मिनिटं धावतो, मग ग्रुपबरोबर चहा, सातला घरी. साखर ५.८ वर आली. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. मार्चपासून तिची सकाळची शाळा लागली, ती सहालाच घर सोडते. मुलगी सातवीत, मुलगा दुसरीत. आईचे गुडघे दुखतात, पण मुलांचे डबे तीच भरते. बायको म्हणते, ‘तुमचं धावणं म्हणजे आमची धावपळ.’ नळाला पाणी येतं त्या दिवशी तर बोलायची सोय नसते. रात्री धावून पाहिलं, तर झोप उडाली आणि कुत्री मागे लागली. तिलाही म्हटलं, तूही चल, पण ती येत नाही. धावणं मला सोडायचं नाही. ते रोज कसं बसवू आणि घरच्यांना कसं पटवू?

भाऊ,

आधी शाबासकी घ्या. ६.५ झाली की मधुमेहाचा शिक्का बसतो आणि ५.७ च्या खाली माणूस सुटला म्हणतात. तुम्ही त्या दोन आकड्यांच्या मधल्या गल्लीतून मागे फिरलात, तेही एकही गोळी न घेता. आपल्याकडे चाळिशीचा माणूस रस्त्याने पळताना दिसला, की ओट्यावरचा म्हातारा हमखास विचारतो, ‘काबर पयतो भो, कुत्रं मांगे लागलं का?’ ते ऐकून घेत सात महिने काढलेत, हे काही कमी नाही.

आता तुम्ही हिशेबनीस आहात, म्हणून हिशेबच मांडते. साडेपाच ते सात म्हणजे दीड तास. आठवड्याचे साडेदहा तास. त्यात धावणं चाळीस मिनिटांचं. उरलेली पन्नास मिनिटं गाडीवर आणि टपरीवर जातात, आणि घरी मात्र ती धावण्याच्या खात्यावर पडतात. मिलमध्ये कुणी अशी बिलं लावली असती, तर तुम्ही खालच्या खाली परत पाठवली असती. चहाला माझा विरोध नाही. पहाटेच्या चहावर झालेली मैत्री टिकते, हे मला ठाऊक आहे. पण तुम्ही तिकडे दुसरा कटिंग घेत असता, तेव्हा तुमची आई एका हाताने ओट्याला धरून दुसऱ्या हाताने पोळीचा डबा बंद करत असते. तिचे गुडघे आणि ते डबे तुम्ही पत्रात एकाच ओळीत उरकलेत. मी ती ओळ तीनदा वाचली.

तुम्ही विचारता, कसं पटवू. पटवायचं काय उरलंय? तुमच्या बायकोने धावणं सोडा असं कुठेच म्हटलेलं नाही. तिला धावपळीचा त्रास होतोय, आणि तो खरा आहे. सहाला घर सोडायचं म्हणजे चार-सव्वाचारला उठायचं. ती उठते तेव्हा तुम्ही झोपलेले असता, आणि ती निघते तेव्हा तुम्ही तलावावर असता. दिवसाचं पहिलं वाक्य तुम्ही दोघं एकमेकांशी बोलता तरी किती वाजता?

माझं सांगते, म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. आमचे हे रेल्वेत होते, भुसावळला. त्यांना पहाटे फिरण्याचं वेड. कोणतीही ड्यूटी असो, सकाळी तापीच्या पुलाकडे जाऊन यायचेच. मी अकरा वर्षं पाणी भरलं, पोरांच्या वेण्या घातल्या, सासूबाईंना चहा दिला, आणि चकार शब्द काढला नाही. मला वाटायचं, निर्व्यसनी माणूस आहे, फिरायला जातो, यात तक्रार कसली करायची? मग एका सकाळी ते आले, घाम पुसला आणि ओला टॉवेल पलंगावर टाकला. अकरा वर्षांचं सगळं त्या टॉवेलवर निघालं. मी माहेरी जायला पिशवी भरली, आणि ते बिचारे विचारत राहिले, ‘अगं, पण टॉवेलच ना?’ तुमची बायको टोमणा मारते, म्हणजे ती अजून बोलतेय. यमक जुळवून बोलतेय, म्हणजे थोडं हसतेयही. ती गप्प व्हायच्या आत हलवा.

‘रोज’ हा शब्द तुम्ही कुठून आणलात? डॉक्टरांनी अंग हलवा म्हटलं होतं, रोज पळा नव्हे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्यातून निदान दीडशे मिनिटं भरभर चालण्यासारखा मध्यम व्यायाम सांगते, किंवा धावण्यासारखा जोराचा असेल तर पंचाहत्तर मिनिटं. शिवाय दोन दिवस स्नायूंना ताण देणारं काहीतरी. एकदा धावलं की इन्शुलिनला शरीर जो चांगला प्रतिसाद देतं, त्याचा परिणाम साधारण दिवस-दोन दिवस टिकतो. म्हणून साखरेच्या माणसाने लागोपाठ दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये, एवढंच पथ्य. एक दिवस सुटला म्हणून साखर तुमच्यावर रुसत नाही, फक्त मोबाइलमधला तो सलग दिवसांचा आकडा शून्यावर जातो. तुम्ही त्या आकड्यासाठी पळताय असा मला संशय आहे. तापात पळालात, त्यावरून तर खात्रीच वाटते. ताप असताना धावणं हा शुद्ध वेडेपणा होता. विषाणूच्या तापात हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते, आणि अशा वेळी जोराचा व्यायाम जिवावर बेतू शकतो. ते पुन्हा करू नका. तो आकडा आपल्या हाताने मोडायचा सल्ला मी देतेय. एकदा खाडा पडू द्या, दुसऱ्या दिवशी अंगाला काही होत नाही ते पाहा.

मग बसवायचं कसं? आठवड्यातले तीन दिवस पाचला दाराबाहेर पडा. तलाव राहू द्या, कॉलनीतच दिव्याखालच्या रस्त्यांवर पस्तीस मिनिटं चकरा मारा. त्या वेळी अंधार असतो, म्हणून फिकट रंगाचा शर्ट घाला आणि कानात गाणी घालू नका. महामार्गाकडे तर वळूच नका, डंपरवाल्याला तुमची साखर माहीत नसते. पावणेसहाला घरात या. ती तेव्हा चपला शोधत असेल. डबे आता तुमच्याकडे. दुसरीतल्या पोराला उठवणं हा धावण्यापेक्षा मोठा व्यायाम आहे, तोही तुमच्याकडे. आईला खुर्चीत बसवून चहा द्या. पाचला बाहेर पडायचं तर रात्री दहाला अंथरुणात हवं. हंगामात मिलमध्ये उशीर झाला, तर दुसऱ्या दिवशीचं धावणं रद्द. झोप कापून धावलात तर एका हाताने कमावलेलं दुसऱ्या हाताने जातं, अपुऱ्या झोपेनेही साखर चढते.

रविवारी मात्र खुशाल मेहरूणला जा. ग्रुप, चहा, फोटो, सगळं करा. पोरीला सायकलवर बरोबर घेतलंत तर उत्तम, पण ती झोपलेली असेल तर उठवू नका, आठवड्याची झोप तिलाही बाकी असते.

आणि ज्या दिवशी नळाला पाणी येतं, त्या दिवशी धावणं नाही. हे घरात मोठ्याने जाहीर करा. मोटार लावायची, पाइप धरायचा, ड्रम भरायचे, गच्चीवरच्या टाकीत डोकावून यायचं, आईच्या मोरीत दोन बादल्या नेऊन ठेवायच्या. स्नायूंना ताण म्हणतात तो हाच. पाणी येऊन गेलं आणि ड्रम कोरडा राहिला, तर पुढच्या पाळीपर्यंत घरात काय चालतं हे आपल्याकडच्या माणसाला मी काय सांगावं? ‘बोलायची सोय नसते’ असं लिहिलंत. मला तिचंच बरोबर वाटतं.

उरलेल्या दिवशी रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला. जेवल्यावरची चढणारी साखर त्या चालण्याने खाली राहते, आणि त्याला बूट लागत नाहीत, आकडाही लागत नाही. बायकोला चला म्हणा, पण एकदाच म्हणा. धावायला ती येत नाही, याचं तुम्हाला वाईट वाटतं. ती येणार कधी हो? चारला उठून स्वयंपाक, सहाला एसटी, दुपारी उन्हात परत, मग वह्या, मग पुन्हा ओटा. तिला विचारा, तुला रोज एक तास मोकळा मिळाला तर काय करशील? ‘झोपेन’ म्हणाली तर हसू नका आणि लेक्चर देऊ नका. दुपारी पडदा ओढा, पोरांना आजीच्या खोलीत पाठवा आणि तिचा फोन आपल्याकडे घ्या.

उन्हाचंही बोलायला हवं, कारण तुमचा हा पहिलाच उन्हाळा आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि पहाटेसुद्धा भिंती गरम असतात. उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा-चौदा दिवस लागतात. त्या काळात वेळ आणि वेग दोन्ही कमी ठेवा. धावताना बाजूच्याशी बोलता आलं पाहिजे, तेवढ्याच जोराने पळा. गरगरलं, घाम एकदम थांबला किंवा अंगावर काटा आला, तर तिथेच सावलीत बसा आणि घरी फोन करा. उरलेलं अंतर पूर्ण करायच्या भानगडीत पडू नका.

सकाळच्या शाळेचा प्रश्न दोन महिन्यांचा आहे. मेमध्ये तिला सुटी लागेल, जूनमध्ये शाळेची नेहमीची वेळ येईल, आणि तुम्हाला वाटेल, चला, जुनं वेळापत्रक परत आलं. तिथेच तुम्ही घसराल, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. जूनमध्येही तीन दिवस आणि रविवार एवढंच ठेवा. थंडीत एकवीस किलोमीटरच्या शर्यतीचा मोह झाला, तरी आठवड्याला चार दिवस पुरतात. रविवारचं अंतर हळूहळू वाढवायचं, बाकीचे दिवस तेवढेच.

हो, आणि हिवाळ्यात सासुरवाडीच्या मळ्यात भरीत पार्टीला गेलात, तर तिथे बुटांची पिशवी नेऊ नका. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजली जात असताना, बायका ठेचा वाटत असताना जावई कालव्याच्या रस्त्याने पळताना दिसला, तर बोलणी तुमच्या बायकोलाच खावी लागतील. बामणोदच्या वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी समोर असताना पळणाऱ्याची बाजू मीसुद्धा घेणार नाही. पोटभर खा आणि दुसऱ्या दिवशी धावा.

पाण्याची पुढची पाळी कधी आहे, ते आज रात्री तिलाच विचारा. इतके दिवस तुम्हाला ते माहीत नव्हतं, हे तिला लगेच कळेल. हसली तर हसू द्या.

तुमची ताई