जानेवारीत शिंगवाला मूस बघायला निघालात? तिकीट काढायच्या आधी हे वाचा

तुम्ही लिहिलंय की जानेवारीत अलास्काला जायचं ठरतंय, मोठ्या शिंगांचा मूस (तिकडचं हरणाच्या कुळातलं अवाढव्य जनावर) नक्की दिसेल असं एजंट म्हणतोय, आणि नर-मादी ओळखायची कशी. वाचून धस्स झालं, दोन वर्षांपूर्वी आम्ही नेमकं हेच करून बसलो.

ठाण्यातल्या एका टूर ऑफिसने (नाव घेत नाही) जे ब्रोशर दाखवलं त्यात पसरट शिंगांचा भला थोरला नर आणि त्याच्या मागे लालभडक झुडपं. ती झुडपं मी नीट बघायला हवी होती, कारण तो रंग तिथे सप्टेंबरचा, जानेवारीत सगळं पांढरं. आणि नराची शिंगं दर वर्षी गळतात हो! सप्टेंबर-ऑक्टोबरचा माजाचा काळ संपला की मोठ्या नरांची डिसेंबरच्या आसपास पडतात, वसंतात नवीन फुटतात, उन्हाळाभर मऊ लव असलेल्या कातडीखाली वाढतात आणि सप्टेंबर उजाडेपर्यंत झाडांना घासून साफ होतात. एवढं एक वाक्य त्या ऑफिसने सांगितलं असतं तर आमचे काही लाख वाचले असते. परत आल्यावर विचारायला गेलो तर म्हणे "प्राण्यांची गॅरंटी नसते". अहो पण महिन्याची तरी असते ना? तीन चकरा मारल्या, शेवटी सोडून दिलं.

अँकरेजला, म्हणजे अलास्कातल्या मोठ्या शहरात, हिवाळ्यात मूस वस्तीत येतात, आमच्या हॉटेलच्या पार्किंगमध्येच एक उभा राहून झुडपाच्या काड्या ओरबाडत होता. शिंगं नाहीत म्हणून आम्ही त्याला मादी म्हणत राहिलो. घरी, घोडबंदरला, फोटो झूम केले तेव्हा कानांच्या पुढे दोन गोल चट्टे दिसले, शिंगं गळल्याच्या जागा. म्हणजे नरच होता तो.

म्हणून माझं मत, हिवाळ्यात शिंगांवर जाऊच नका, मागून बघा. शेपटीखाली पांढरट केसांचा पट्टा असला तर मादी, तिकडे विमानातून गणना करतानाही हेच बघतात. मग तोंड बघा, नराचं नाकाड काळपट, मादीचं तांबूस. गळ्याखाली लोंबतं ते दोघांनाही असतं, नराचं सहसा मोठं, पण त्यावर विसंबू नका. वजनावर पण नाही, अलास्कात नर साधारण 540 ते 725 किलो आणि मादी 360 ते 590, एकटं जनावर समोर असलं की काय कळणार. आणि कॅरिबू (तिकडचं रेनडिअर) दिसला तर 'शिंगं म्हणजे नर' हा नियम त्याला लावू नका, त्यांच्यात मादीलाही शिंगं असतात.

मी काही प्राणीशास्त्रज्ञ नाही, वनखात्यातला पण नाही, येऊरला सांबर बघत फिरणारा माणूस आहे, तेव्हा तिथल्या रेंजरला विचाराच. पण मूसने कान मागे पाडले आणि मानेवरचे केस उभे राहिले की फोटो सोडून सरळ पळा, जाड झाडाआड जा. पिल्लं मे-जूनमध्ये होतात, तेव्हा तर मादीच्या वाऱ्याला पण उभं राहू नका. कॅमेऱ्याची जादा बॅटरी आतल्या खिशात ठेवा, थंडीत भराभर उतरते.

तिकीट अजून बदलता येत असेल तर आजच फोन करून सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा मागा, अँकरेजला लागूनच चुगॅच स्टेट पार्क आहे, तिथे माजावरचे नर दिसतात. तारीख मिळाली की इथेच कळवा, कपड्यांची यादी टाकतो.