प्रलय, उत्पात, आक्रीत : जादूने ओढवलेल्या प्राचीन संकटाला मराठीत काय म्हणावे?

बुलढाणा जिल्ह्यातल्या, लोणारपासून फार दूर नसलेल्या एका खेड्यातून प्रश्न आला आहे. तिथली पाच-सहा मुले कापसाची वेचणी आटोपल्यावर रात्री एकत्र बसून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिका वठवण्याचा खेळ मराठीतून खेळतात. त्यांच्या खेळातील जगात फार पूर्वी जादूमुळे एक भयंकर संकट कोसळले होते. खेळ चालवणारा मुलगा त्याला ‘प्रलय’ म्हणतो. दुसऱ्याला तो शब्द पटत नाही, त्याला ‘सर्वनाश’ हवा आहे, आणि तिसरा म्हणतो की इंग्रजी नावच राहू द्यावे. यातले योग्य काय, असे त्यांनी विचारले आहे.

इंग्रजी नाव राहू द्यावे, हे मला मान्य नाही. जी मंडळी रात्र रात्र मराठीतून राक्षसांशी लढतात, त्यांच्या जगातील सर्वांत मोठी घटनाच तेवढी परक्या भाषेत राहावी, याचे वाईट वाटते.

आधी घटना नीट पाहू. मुलांनी आपला खेळ या खेळातील ‘फरगॉटन रेल्म्स’ नावाच्या प्रसिद्ध जगात रचला आहे. तिथे नेथेरिल नावाचे जादूगारांचे साम्राज्य होते आणि त्याची नगरे आकाशात तरंगत असत. त्या जगातील ‘डेलरेकनिंग’ या कालगणनेच्या आरंभापूर्वी ३३९ व्या वर्षी कार्सस नावाच्या महाजादूगाराने, शत्रूंपासून साम्राज्य वाचवण्यासाठी, थेट जादूच्या देवतेचे सामर्थ्य आपल्याकडे ओढून घेणारा मंत्र उच्चारला. मंत्र साधला, पण जगभरातील जादूची वीण क्षणोक्षणी सावरण्याचे त्या देवतेचे काम कार्ससला पेलले नाही. ती वीण पूर्ण फाटू नये म्हणून देवतेने स्वतःचा अंत केला, तेवढ्या वेळापुरती सारी जादू थांबली आणि तरंगणारी नगरे खाली कोसळली.

आता ‘प्रलय’. संस्कृतातील ‘ली’ म्हणजे विरघळणे, मिसळून जाणे, या धातूपासून हा शब्द आला. लय, विलय, लीन ही त्याचीच भावंडे. पुराणांनी नित्य, नैमित्तिक, प्राकृतिक आणि आत्यंतिक असे प्रलयाचे चार प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांपैकी एकही कुणाच्या चुकीने होत नाही. नैमित्तिक प्रलय ब्रह्मदेवाचा दिवस संपला की ठरल्या वेळी येतो, जशी आपल्याकडे सूर्यास्तानंतर रात्र येते. शिवाय त्या प्रलयात पाहणारा उरत नाही. वडाच्या पानावर पहुडलेला बाळ पाहणारा मार्कंडेय हा अपवाद, आणि अपवाद आहे म्हणूनच त्याची कथा झाली. नेथेरिलमध्ये मात्र एका माणसाच्या हातून घडले, अवेळी घडले, आणि मागे भग्नावशेष व पोरकी झालेली माणसे उरली. आजच्या मराठीत ‘जलप्रलय’ म्हणून मोठ्या पुरालाही प्रलय म्हणतात, पण त्या अर्थाने तर तो इथे मुळीच चालणार नाही. ‘सर्वनाश’ याच कारणाने बाद होतो. सर्वच नासले असते, तर खेळायला पात्रे कुठून आली असती?

‘अनर्थ’ हा त्याहून जवळचा, कारण त्या शब्दाला कारण चिकटलेले असते. अनर्थ ओढवतो आणि तो कुणाच्या तरी करणीने ओढवतो. जोतीराव फुल्यांच्या ‘इतके अनर्थ एका अविद्येने केले’ या ओळीत अनर्थाचा कर्ता स्पष्ट सांगितला आहे. कार्ससच्या बाबतीत तो अविद्येने नव्हे, अफाट विद्येने केला, हा फरक मुलांनी एखाद्या पात्राच्या तोंडी जरूर घालावा. तरीही ‘अनर्थ’ हे वर्णन झाले. एका विशिष्ट दिवसाचे नाव म्हणून ते उभे राहत नाही, कारण अनर्थ घरोघरी होत असतात.

माझा जीव ज्यावर जडला आहे, तो शब्द ‘उत्पात’. आज आपण तो फार खाली आणला आहे. वानरांनी तुरीच्या वावरात उत्पात माजवला, पोरांनी घरात उत्पात मांडला, इतकाच त्याचा वापर उरला. सहाव्या शतकातील ज्योतिषी वराहमिहिराने मात्र आपल्या बृहत्संहिता या ग्रंथात उत्पातांवर स्वतंत्र अध्याय लिहिला आणि गर्ग या आधीच्या आचार्याचा हवाला देऊन व्याख्या केली की निसर्गाचे आपल्या मूळ स्वभावाहून वेगळे होणे म्हणजे उत्पात. त्याचे दिव्य, आंतरिक्ष आणि भौम असे तीन प्रकार त्याने मानले. आणि लगेच पुढे म्हटले की माणसांच्या अपचाराने, म्हणजे गैरवागणुकीने, पाप साचते, त्यातून संकट येते आणि हे उत्पात त्याची सूचना देतात. म्हणजे माणसाचे उल्लंघन आणि निसर्गाचे बिघडणे ही दोन्ही टोके या शब्दाच्या भोवती आधीच बांधलेली आहेत. खेळातील पंडित, बखरकार, मठातील वृद्ध जादूगार यांनी ‘महोत्पात’ म्हणावे, असे मी सुचवतो.

पण मुलांची बहुतेक पात्रे पंडित नसणार. शेतकरी, धनगर, सराईवाली बाई, यांनी काय म्हणावे? त्यासाठी आपल्या मातीत ‘आक्रीत’ हा शब्द तयार आहे. काही वर्षांपूर्वी ऐन फाल्गुनात, गहू सोंगायला आलेला असताना, आमच्या गावावर लिंबाएवढ्या गारा पडल्या. शेजारच्या म्हातारीने अंगणातली एक गार ओंजळीत उचलली, ती वितळून पाणी बोटांतून गळेपर्यंत तशीच उभी राहिली आणि म्हणाली, “हे त आक्रीतच झालं वं माय!” जे कधी पाहिले नाही, ऐकले नाही, जे घडायलाच नको होते, ते आक्रीत. वराहमिहिराची व्याख्या आणि म्हातारीचा उद्गार यांत मला तरी अंतर दिसत नाही.

एक सावधगिरी. गावाकडची ढब आणण्यासाठी या घटनेला ‘करणी’, ‘चेटूक’ किंवा ‘भानामती’ म्हणण्याचा मोह होईल, तो टाळावा. हे शब्द शेजाऱ्यावर घेतलेल्या संशयाचे आहेत, त्यांनी खरी माणसे गावाबाहेर काढली गेली आहेत, आणि २०१३ साली राज्याला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला तो उगाच नाही. ‘जादू’ चालेल. तो फारसीतून आला असला, तरी संस्कृतातील ‘यातु’ हा त्याचा सख्खा भाऊ आहे. ‘मंत्र’ तर उत्तमच.

महोत्पात आणि आक्रीत ही दोन्ही सामान्यनामे झाली. त्या एका दिवसाचे विशेषनाम अजून हवे. लोक संकटांना नावे कशी देतात, ते पाहिले तर वाट सापडते. १९९१ साली वर्धा नदीने नागपूर जिल्ह्यातले मोवाड उद्ध्वस्त केले, त्याला ‘मोवाडचा पूर’ म्हणतात. तिथे गावाचे नाव लागले. लोणारला उल्का आदळून बेसाल्टच्या खडकात सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचे विवर झाले. दंतकथा म्हणते की तिथे भुयारात दडलेल्या लवणासुराला विष्णूने मारले. पण गावाच्या नावात उल्का नाही, तिच्या पडण्याचा आवाज नाही. त्यात राहिले ते लोण, म्हणजे सरोवरातल्या खाऱ्या पाण्याचे मीठ. संकट विसरले गेले, उरलेल्या वस्तूवरून नाव पडले.

आणि तिसरी तऱ्हा मला सर्वांत जिवंत वाटते. १९१८ सालच्या इन्फ्लुएंझाच्या साथीला खेड्यांनी ‘मानमोडी’ म्हटले. रोग कुठून आला, कोणत्या जातीचा, याचा त्यात पत्ता नाही. अंगाला जे जाणवले, तेवढेच नावात आले. याच साच्यावर मी ‘मंत्रमोडी’ असे नाव सुचवतो. ‘उसवणे’ या क्रियापदाचाही मी विचार केला, कारण जादूची वीण म्हटल्यावर ते आपोआप सुचते. पण उसवणे टाक्याटाक्याने होते, आणि नेथेरिलची नगरे हवेत असताना मंत्र एका क्षणात मोडला. पंडितांना संस्कृत रूप हवे असेल, तर तपोभंग, व्रतभंग यांच्या पंगतीत ‘मंत्रभंग’ शोभून दिसेल.

व्याकरणाच्या दृष्टीने ‘मंत्रमोडी’ स्त्रीलिंगी मानावा. सामान्यरूपात तो बदलत नाही, म्हणून वाक्यात सहज बसतो : मंत्रमोडीआधीचा बुरूज, मंत्रमोडीत गेलेले नगर, मंत्रमोडीच्या साली जन्मलेली आजी. खेळ चालवणाऱ्या मुलाने पुढच्या बैठकीत एखाद्या म्हाताऱ्या धनगराच्या तोंडी एवढेच घालून पाहावे : “ते आक्रीत माह्या पणज्याच्या पणज्यानं पाह्यलं होतं, बाप्पा. मंत्रमोडीच्या दिवशी आभाळातून पहिले विझलेले दिवे पडले, अन् मंग घरं.”