देशी पिल्लू फ्लॅटमध्ये राहील का, की लॅब्रॅडॉरच घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की ठाण्यात वन बीएचके आहे, मुलीला माजिवड्याच्या पुलाखालचं देशी पिल्लू घरी आणायचंय, आणि मिस्टर म्हणतात, "घ्यायचाच तर लॅब्रॅडॉर घेऊ, देशी कुत्री शिकत नाहीत." हे शेवटचं वाक्य मी आमच्या दादाकडून इतकी वर्षं ऐकतेय की आज लिहायलाच बसले.

आमची ठमी वर्तकनगरच्या रस्त्यावरची. आली तेव्हा वर्षाची असेल. कानाला खाच होती, म्हणजे नसबंदी आणि रेबीजची लस आधीच झालेली. सासरे म्हणाले, "आणलीस ती आणलीस, पण गॅलरीत ठेव." आता ती त्यांच्याच पलंगाखाली झोपते. सोफ्याचा कोपरा, टीव्हीचा रिमोट, पाहुण्यांच्या चपला, हे सगळं यथास्थित झालं, ते सांगत बसत नाही. दुधाचं सांगते.

आमच्याकडे पहाटे दूधवाल्याचा पोरगा दाराच्या कडीला अडकवलेल्या कापडी पिशवीत दूध टाकून जातो. उन्हाळ्यात सासरे पाचला उठून वाऱ्यासाठी आतलं दार उघडतात, बाहेरच्या जाळीच्या दाराला नुसती कडी. ती कडी नाकाने वर उचलून दार ढकलायचं हे ठमीने आपलं आपण शोधून काढलं. मग चौथ्या मजल्यावरचं दूध गायब व्हायला लागलं. सोसायटीच्या ग्रुपवर लगेच निकाल लागला : नवीन पोरगा चोर आहे. त्याला गेटवरच अडवायचं ठरत होतं. मी म्हटलं, आधी कॅमेरा बघा, गरिबाच्या पोरावर आळ घ्यायला काही लागत नाही.

कॅमेऱ्यात आमची बाई! पाचव्यावरून जिना उतरली, काकूंच्या कडीवरची पिशवी बंदाला धरून अलगद काढली आणि शेपूट वर करून परत निघाली. एक थेंब सांडला नाही.

मी सासऱ्यांना विचारलं, तर म्हणाले, "रोज आणून देते बिचारी. मी पोळीचा तुकडा देतो आणि दूध तापवतो. कुठून आणते ते मी कशाला विचारू?" घरात अचानक बासुंदी का होतेय याचा उलगडा मला तेव्हा झाला. आता तुम्हीच सांगा, ही शिकली नाही का? पिशवी आणली की पोळी मिळते, एवढ्यावर शिकली. कुत्र्यांचे ट्रेनर पैसे घेऊन दुसरं काय करतात? काम केलं की लगेच खाऊ, नाही केलं तर काही नाही. पुढे पिशवीवरची पोळी बंद करून पेपरवर सुरू केली, तर आता ती आमच्या दारातला पेपर आणते आणि दुधाकडे बघतही नाही.

दुधाचे पैसे आम्ही भरले. त्या पोराची माफी मात्र कुणी मागितली नाही, त्याला चोर म्हणणारे मेसेज तेवढे डिलीट झाले.

आणि दादा काय म्हणाला? "बघ, रस्त्यावरची सवय जात नाही." दादाने भरपूर पैसे मोजून लॅब्रॅडॉर आणलाय. ती जात मुळात कॅनडाच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या हाताखाली तयार झाली, पाण्यातून मासे आणि जाळी ओढून आणायला. याचा लॅब्रॅडॉर बॉल टाकला की बॉलकडे बघतो, मग दादाकडे बघतो, मग दादाच उठतो. खायला मात्र कधीही तयार. त्यात बिचाऱ्याचा दोष नाही म्हणा, केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलंय की साधारण चौथा हिस्सा लॅब्रॅडॉरमध्ये एक जनुक बिघडलेलं असतं, त्यामुळे त्यांना भूक जास्त लागते आणि वजन वाढतं. वन बीएचकेत ते सांभाळा आणि केसही झाडत बसा. देशी कुत्र्याचे केस आखूड असतात, आपला उन्हाळा त्याला सोसतो.

सोसायटीवाले लिफ्टमध्ये नको म्हणतील. आम्हालाही म्हणाले. केंद्र सरकारच्या प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या सूचनांमध्ये स्पष्ट आहे की बहुमताने ठराव केला तरी पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. प्रिंट काढून सेक्रेटरीच्या हातात द्या, वाद घालू नका. पट्टा मात्र लावा आणि घाण स्वतः उचला, नाहीतर मी त्यांच्या बाजूने.

हो, पिल्लू दोन महिन्यांपेक्षा लहान असेल आणि आई जवळ असेल तर आत्ता उचलू नका. लशी वेळेवर द्या, रेबीजची तीन महिन्यांचं झालं की. पाऊस सुरू होण्याआधी लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून, साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या आजाराची) झालेली असू दे, आणि रोज कानामागे, बोटांमध्ये गोचीड बघा. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दात बदलतात, तेव्हा घरातलं सगळं चावेल. येऊरच्या जंगलात फिरायला नेलंत तर मोकळं सोडू नका, तिथे बिबटे आहेत. दिवसभर घर बंद राहत असेल तर एवढं लहान पिल्लू नकोच, ठमीसारखं मोठं बघा.

आणि मिस्टरांना एवढंच विचारा की जुलैच्या पावसात सकाळी सहाला खाली कोण नेणार. दादाकडे वहिनी नेते.