वासराची हगवण, कोंबडीची लस आणि कोरोना

एकाच विषयावर तीन प्रश्न आले आहेत, म्हणून उत्तर एकत्रच देतो. एका ताईंच्या दहा दिवसांच्या वासराला पाण्यासारखी पिवळी हगवण लागली. शेणाच्या तपासणीत 'कोरोना विषाणू' निघाला आणि घरात लहान मूल असल्याने त्या घाबरल्या आहेत. एका कुक्कुटपालक दादांनी लसीच्या बाटलीवर कोरोनाचं नाव वाचलं. हा रोग आधीपासून होता तर आम्हाला कुणी सांगितलं का नाही, असं ते विचारतात. आणि घरात कुणाला कोविड झाला तर गोठ्यात जावं का, असा तिसरा प्रश्न आहे.

ताई, आधी वासराचं बघू, कारण तिथे एकेक तास मोलाचा आहे. हा गायींचा कोरोना विषाणू. वासरांच्या हगवणीत तो १९७०च्या दशकापासून माहीत आहे आणि त्याच्यापासून कोविड होत नाही. तो आतड्याच्या आतल्या अस्तरावर वाढतो आणि अन्नरस शोषून घेणारे बारीक अंकुर नष्ट करतो. त्यामुळे दूध पचत नाही आणि अंगातलं पाणी व क्षार शेणावाटे निघून जातात. वासरू दगावतं ते बहुतेक वेळा या पाणी-क्षारांच्या तुटीने आणि रक्तात वाढलेल्या आम्लाने. म्हणून मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा. दोन सेकंदांत ती सपाट झाली नाही, डोळे खोल गेलेले दिसले, तर पाणी कमी पडलंय असं समजा. वासरांसाठीची इलेक्ट्रोलाइट पावडर पाकिटावर सांगितलेल्या प्रमाणात कोमट पाण्यात कालवून दिवसातून दोन-तीनदा पाजा. दूध बंद करू नका. दूध तोडलं की हगवण थांबते ही समजूत खोलवर रुजलेली आहे, पण त्याने वासरू उपाशी राहून आणखी खचतं. फक्त दूध आणि इलेक्ट्रोलाइट यांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. तोंडात बोट घातल्यावर वासरू चोखत नसेल, तोंड आतून गार लागत असेल किंवा ते उभं राहत नसेल, तर घरचे उपाय थांबवून पशुवैद्यकांना बोलवा. त्याला शिरेतून सलाइन लागेल. प्रतिजैविकं (अँटिबायोटिक औषधं) विषाणूवर चालत नाहीत. ताप किंवा शेणात रक्त असेल तर ती द्यायची का, हे पशुवैद्यक ठरवतील.

मुलाला मात्र या वासरापासून लांबच ठेवा. कारण हगवण लागलेल्या वासराच्या शेणात कोरोनासोबत साल्मोनेला किंवा क्रिप्टोस्पोरिडियम हे पोटाचे जंतूही असू शकतात आणि ते दोन्ही माणसाला, विशेषतः लहान मुलांना बाधतात. वासराचं आवरून झालं की साबणाने हात धुवा, गोठ्यातली चप्पल घरात आणू नका.

पुढच्या वेतासाठी सगळा भर चिकावर द्या. गायीच्या पोटात असताना वासराला आईकडून प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारी द्रव्यं, मिळत नाहीत, ती फक्त चिकातून मिळतात. वासराच्या आतड्याची ती शोषून घेण्याची ताकद जन्मल्यापासून तासातासाने घटते आणि २४ तासांत जवळपास संपते. वजनाच्या दहा टक्के, म्हणजे ३० किलोच्या वासराला तीन लिटर चीक पहिल्या सहा तासांत पोटात गेला पाहिजे. त्यातला बराचसा पहिल्या दोन तासांतच. वार पडेपर्यंत चीक न पाजण्याची पद्धत सोडून द्या, मी हे कळकळीने सांगतो. गाभण गायीला शेवटच्या टप्प्यात रोटा (हगवणीचा दुसरा एक विषाणू) आणि कोरोनाची एकत्र लस मिळत असेल तर पशुवैद्यकांच्या सल्ल्याने द्या. पण त्या लसीचा फायदा वासराला चिकातूनच पोहोचतो. चीक उशिरा पाजला तर लस वाया. निरोगी दिसणारी गायही व्यायच्या सुमारास शेणातून विषाणू टाकत असते, तेव्हा विण्याची जागा कोरडी आणि स्वच्छ ठेवा.

दादा, तुमच्यापासून कुणी काही लपवलेलं नाही. कोरोना हे एका मोठ्या विषाणू-कुळाचं नाव आहे. कोंबड्यांचा इन्फेक्शियस ब्रॉन्कायटिस हा श्वासाचा रोग याच कुळातल्या विषाणूने होतो आणि तो अमेरिकेत १९३१ साली नोंदला गेला. माणसातले कोरोना विषाणू सापडले १९६०च्या दशकात आणि कुळाला हे नाव मिळालं १९६८ साली. कोविडचा विषाणू २०१९चा. तुमच्या बाटलीतली लस ब्रॉन्कायटिसची आहे. तो माणसाला होत नाही, आणि ती लस कोविडपासून कुणाला वाचवत नाही. पण लस टाळू नका: हा रोग खुराड्यात शिरला की अंडी घटतात, कवच वेडंवाकडं होतं, आतला पांढरा भाग पाण्यासारखा पातळ होतो आणि या विषाणूचे काही प्रकार मूत्रपिंडंही खराब करतात.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर हवं, कारण हे विषाणू कधीकधी एका प्राण्यातून दुसऱ्यात उडी मारतात. माणसाला साधी सर्दी देणारा ओसी-४३ हा गायींच्या कोरोनाचा जवळचा नातलग. बेल्जियमच्या संशोधकांनी २००५ मध्ये जनुकांवरून अंदाज बांधला की दोघांचा समान पूर्वज १८९०च्या सुमाराचा असावा. २०१२ मध्ये आढळलेला मर्स हा श्वासाच्या आजाराचा कोरोना विषाणू उंटांकडून माणसात येतो. उलटंही घडलं: २०२० मध्ये नेदरलँड्स आणि डेन्मार्कमधल्या मिंक (मऊ केसाळ कातडीसाठी पाळला जाणारा छोटा प्राणी) पालन केंद्रांत कोविड माणसांकडून मिंकमध्ये गेला आणि मिंकमधून परत माणसांत आला. मग गायींचं काय? जर्मनीच्या फ्रीडरिश लोफलर संस्थेने सहा गुरांच्या नाकात कोविडचा विषाणू सोडून पाहिला. दोघांतच तो थोडासा वाढला आणि सोबत ठेवलेल्या गुरांना लागला नाही. त्याच संस्थेच्या प्रयोगात कोंबड्या आणि डुकरांना लागण झालीच नाही. मांजरांना मात्र तो सहज होतो.

म्हणून घरात कोविड असेल तर दूध काढणं, चारा घालणं शक्यतो निरोगी माणसाने करावं. दुसरं कुणी नसेल तर मास्क लावून, हात धुऊन कामं उरका, जनावराच्या तोंडाजवळ तोंड नेऊ नका आणि मांजराला रुग्णाच्या खोलीत येऊ देऊ नका. या विषाणूंवर चरबीचं आवरण असतं, साबणाने ते फुटतं. पण शेणाने माखलेल्या फरशीवर जंतुनाशक ओतून उपयोग नाही. आधी खरवडून धुवा, मग जंतुनाशक मारा. आणि जनावराच्या अंगावर जंतुनाशक किंवा सॅनिटायझर कधीच फवारू नका.